आमच्या घरचा किलवर

माझे बाबा अकोल्याच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत बसून गाड्या लावायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरांशी हुज्जत घालायची आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. माइकवर ते पुस्तकी मराठी बोलत. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मूर्तिजापूर, बडनेरा मार्गे अमरावतीला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे." हे संपलं की लगेच खिडकीतून, "काहून बे, गाडी काहून काढून नाही राहिला?" कधी कधी माइक बंद करायचा राहून जाई आणि हा दुसरा भागही सगळा स्टँड ऐके. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी रस्त्यात लोक थांबवून म्हणायचे, साहेब, तुमचा आवाज ऐकला की अजून पिशवी उचलावीशी वाटते.

त्या आवाजाची आम्हा घरच्यांना मात्र फार कटकट व्हायची. आमच्या घराण्यात हळू बोलणं हे आजारपणाचं लक्षण समजतात. बाबा जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले की तिथूनच आईला हाक मारत, "अवं!" आपल्याकडे बायकोला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती आणि बाबांना नवी पद्धत पाडायची हौसही नव्हती. आई हात पुसत दारात यायची आणि आयुष्यभर एकच तक्रार करायची, "मले नाव हाय का नाई?"

मग एका सकाळी बाबांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, यांना समजतं सगळं, फक्त शब्द निघत नाहीत. मी अमरावतीला शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. शनिवारची शाळा सुटली की अकोल्याची गाडी पकडायची आणि रविवारी संध्याकाळी परत, असं माझं सुरू झालं. पहिल्या शनिवारी मी घरात पाऊल टाकलं आणि घर इतकं शांत होतं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. ते घड्याळ वाजतं हेच मला तोवर माहीत नव्हतं.

वाचा-उपचार करणारी एक तरुण मुलगी घरी येऊ लागली. तिने आईला विचारलं, काकू, यांनी सगळ्यात आधी काय बोलावं असं तुम्हाला वाटतं? त्यापासून सुरुवात करू. मला वाटलं आई म्हणेल देवाचं नाव, किंवा निदान माझं. आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि म्हणाली, "थे आपलं... अवं." मुलीला ते कळेना. मी समजावून सांगितलं. जी हाक ऐकून आई आयुष्यभर चिडली, तीच तिला परत हवी होती. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं, म्हणून मी चहा ठेवायला आत गेले.

मुलगी रोज म्हणायची, बाबा, म्हणा अ... वं... बाबा ओठ हलवत, कपाळावर घाम येई, आणि आवाज काही येत नसे. मग ते डाव्या हाताने चादर मुठीत धरत आणि भिंतीकडे तोंड करत. आई समोर बसलेली असे. रोज ती तशीच उठून जाई.

बाबांचे पत्त्यांचे तीन भिडू होते. एक त्यांच्याच स्टँडवरचे निवृत्त ड्रायव्हरकाका, एक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि एक टेलरकाका. टेलरकाकांच्या दुकानाच्या ओट्यावर हे चौघं रोज दुपारी मेंढीकोट खेळत. समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू. बाबा आणि टेलरकाका एकीकडे, ड्रायव्हरकाका आणि गुरुजी दुसरीकडे. ही जोडी कधी मोडली नाही. आमच्या घरात मात्र पत्त्यांना बंदी होती. पत्ते घरात आले की लक्ष्मी पाय काढते, असं आईच्या माहेरचं म्हणणं. पोळ्याच्या दिवशी तेवढी ती डोळेझाक करायची, कारण पोळ्याला सगळं गावच खेळतं.

एका रविवारी हे तिघं बाबांना भेटायला आले. ड्रायव्हरकाका दारातूनच "जय भीम, साहेब" म्हणाले आणि सवयीने "राम राम"ची वाट पाहत उभे राहिले. बाबांचा हात वर गेला, शब्द आला नाही. मग तिघंही खुर्च्यांवर आखडून बसले. गुरुजी बाबांशी मोठ्याने आणि एकेक शब्द तोडून बोलू लागले, जसं काही बाबा बहिरे झाले होते. बाबांच्या चेहऱ्यावर तो जुना भाव आला. माइक हातात असता तर गुरुजींचं काही खरं नव्हतं.

आई आत कणीक मळत होती. ड्रायव्हरकाकांनी दाराकडे एक नजर टाकली, सदऱ्याच्या खिशातून हळूच पत्त्यांचा कॅट काढला आणि पलंगावरच वाटायला घेतला. बाबांच्या डाव्या हातात तेरा पानं राहीनात, तेव्हा टेलरकाका त्यांच्या शेजारी बसले आणि दोघांचे पत्ते त्यांनीच धरले. बाबांनी बोटाने दाखवायचं आणि काकांनी टाकायचं. गुरुजींनी उतारी केली. बाबांनी पान पाहिलं, बोट पुढे केलं, आणि एकदम बोलले, "किलवर!"

स्टँडवरचा तोच आवाज, स्वच्छ आणि ठणठणीत. आई कणकेचे हात घेऊन धावत आली. "काय म्हनलं? काय म्हनलं यायनं?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाले, "किलवर."

आईचे डोळे भरून आले होते. मग तिला पलंगावरचे पत्ते दिसले. माझ्या आईला राग येतो तेव्हा आवाज चढत नाही, उतरतो. "देवाचं नाव नाई," ती म्हणाली, "लेकीचं नाव नाई. माह्यं त जाऊच द्या. पत्त्याचं नाव!" पाहुण्यांना चहा मिळाला, पण त्यानंतर ते दोनदा आले तेव्हा आईने दारातच सांगितलं की डॉक्टरनं आराम सांगितला. आराम कोणत्याच डॉक्टरने सांगितला नव्हता.

आणि बाबा गप्प झाले. आधी निदान धडपडत तरी होते, आता तेही सोडलं. उपचारवाली मुलगी आली की डोळे मिटून घेत. जेवण चमच्या-दोन चमच्यांवर आलं. तिने काळजीने विचारलं, मध्ये काही बोलले होते का? आई चादरीच्या सुरकुत्या काढू लागली. मी किलवरची गोष्ट सांगितली. मुलगी आनंदाने खुर्चीवरून उठलीच. म्हणाली, असं होतं. वाचा जाते तेव्हा एखादा शब्द मागे राहतो, आणि पुष्कळदा तो सवयीचा असतो, शिवी असते, आकडे असतात, खेळातला शब्द असतो. माणूस मग त्याच एका शब्दात सगळं बोलतो. तो शब्द म्हणजे बाकीच्यांना आत यायचा दरवाजा. त्याला नाही म्हणू नका.

आईने सगळं ऐकून घेतलं. मुलगी गेल्यावर तिने चपला घातल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि गल्ली उतरून टेलरकाकांच्या ओट्यापर्यंत गेली. मी मागोमाग. जिथे बायका कधी थांबतही नाहीत अशा त्या ओट्यासमोर ती उभी राहिली. तिघं धडपडत उठले. आई म्हणाली, "चाला घरी. तुमच्या बिगर माणूस चालला माह्या हातचा. डाव मांडा." मान खाली घालून म्हणाली, पण म्हणाली. आईचे आभार मानायचे प्रसंग पुष्कळ आहेत. मी मात्र मनातल्या मनात मानते ते ह्या प्रसंगाचे.

त्या दिवसापासून दुपारचा डाव आमच्याकडे बसू लागला. पत्ते धरायचा प्रश्न आईनेच सोडवला. बाबांसमोर ज्वारीने भरलेली परात ठेवली आणि म्हणाली, हातात नाई राहत त याच्यात खोचा. ज्वारीत पत्ते छान उभे राहतात. बाबांना ते दिसत, इतरांना दिसत नसत, आणि डाव्या हाताने एकेक उपसता येई. जी बाई पत्ते उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हती, तिने ते धान्यात रोवले. काही दिवसांनी तीच ज्वारी दळून आली. ड्रायव्हरकाका भाकरी मोडताना म्हणाले, "वहिनी, याच्यात एक्का त नाई राह्यला?"

बाबा बोलू लागले. बोलू लागले म्हणजे किलवर म्हणू लागले. पाणी हवं, किलवर. पंखा लावा, किलवर. लाडीगोडीने म्हटलेला किलवर म्हणजे आणखी एक भजं, आणि खालच्या पट्टीतला म्हणजे गुरुजी लबाडी करून राहिले. शेजारचा कुत्रा आत शिरला तेव्हा तर पाच-सहा किलवर एकामागोमाग असे आले की त्यांचा अर्थ मला इथे लिहिता येणार नाही. आम्हाला सुरुवातीला काही उमजत नसे आणि मी सारखी चिडायची. पाणी दिलं की ते पेला ढकलत, चष्मा दिला की मान फिरवत. आईला मात्र सूर आधी कळू लागले. मी भांबावून उभी असायची आणि ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "खिडकी लाव म्हनून राह्यले थे!"

एका रविवारी मी निघाले. पिशवी उचलली तर बाबा पलंगावर ताठ बसले, घसा खाकरला आणि सुरू झाले. "किलवर किलवर किलवर किलवर. किलवरकिलवर, किलवर किलवर, किलवरकिलवर किलवर..." मी दारातच थांबले. तो सूर मी लहानपणापासून ऐकलेला होता. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मूर्तिजापूर, बडनेरा मार्गे अमरावतीला. ते माझी गाडी पुकारत होते. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि स्टँडपर्यंत रिक्षात रडत गेले. त्यानंतर एकही रविवार असा गेला नाही की त्यांनी माझी गाडी पुकारली नाही.

माझी मुलगी तेव्हा नेदरलँड्सला शिकत होती, शेतीचंच काहीतरी. तिला व्हिडिओवर आजोबांचे किलवर ऐकून सवय झाली होती. एक दिवस ती धापा टाकत दिसली. तिची घरमालकीण, एक वयस्कर डच बाई, दर आठवड्याला मैत्रिणींना घेऊन पत्ते खेळायची. मुलगी शेजारून जात होती आणि त्या बाईने पान टाकताना म्हटलं, "क्लाव्हर." आणि पान किलवरचंच होतं. "आई, आजोबांचा शब्द इथला आहे!"

मला पटेना. मी म्हटलं, इंग्रजांकडून आला असेल. पण इंग्रज त्या पानाला क्लब म्हणतात, म्हणजे सोटा. त्यांच्याकडेही क्लोव्हर हा शब्द आहे, पण तो गवताला. डचांकडे मात्र गवत तेच आणि पान तेच. डचांची वखार कोकणात वेंगुर्ल्याला होती, हे मी स्वतः मुलांना शिकवलेलं आहे. वखारीत मालाची वाट पाहत बसलेली माणसं संध्याकाळी काय करत असतील, हा प्रश्न मात्र मी कधी मुलांना विचारला नाही आणि पाठ्यपुस्तकानेही मला विचारला नाही. शब्द असाच आला, असं छातीठोकपणे कोणी सांगत नाही. पण मला तसं मानायला आवडतं. घरापासून इतक्या दूर येऊन कोणी एकाने ओट्यावर पान आपटलं, म्हणाला क्लाव्हर, समोरच्याने तो शब्द उचलला, आणि पानापानाने तो घाट चढून अकोल्यात मोर्णा नदीच्या काठापर्यंत आला. त्या माणसाचं नाव मला माहीत असतं तर मी दिवाळीला त्याच्या नावाने एक पणती लावली असती.

मुलगी मग घरमालकिणीच्या मागेच लागली. क्लाव्हर म्हणजे तीन पानांचं, गुरांना घालायचं गवत. मोठमोठे हमरस्ते एकमेकांना पार करतात तिथे जे वळणावळणांचं फूल तयार होतं, त्यालाही ते क्लाव्हरचं पान म्हणतात. चार पानांचं सापडलं तर नशीब उघडतं. आणि मुळात हा शब्द कुठला, तर फार जुना. कोणी म्हणतं त्याचा संबंध चिकटण्याशी आहे, त्या फुलांच्या मधाशी, पण खात्रीचं कोणालाच ठाऊक नाही. तिने गवताचा फोटो पाठवला. डाव चालू होता. फोन हातोहात फिरला. ड्रायव्हरकाकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे त बरसीम हाय! माह्या पोराच्या म्हशी खातेत."

दुसऱ्या दिवशी ते खरंच बरसीमची पेंढी घेऊन आले. नातीला फोन लावला. ती म्हणाली, अगदी तेच नाही पण चुलत भाऊ समजा. बाबांनी एक काडी हातात घेतली, तीन पानं न्याहाळली, परातीतून किलवरची तिर्री उपसली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरली. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "किलवर." इतक्या महिन्यांत त्या शब्दाचा अर्थ पहिल्यांदाच किलवर होता. टेलरकाकांनी टाळी वाजवली. पेंढी शेजारच्या गायीने खाल्ली.

मुलीकडून आणखी एक बातमी आली होती. तिकडच्या पत्त्यांत गुलामाला शेतकरी म्हणतात. हे ऐकून डावावरचे लोक गंभीर झाले. गुरुजी म्हणाले, "म्हंजे आपल्यासारखंच." आणि हसून हसून डाव मोडला.

पुढे टेलरकाका मुलाकडे पुण्याला गेले. डोळे अधू झाले होते, दुकान चालवणं जमेना. जाताना ते बाबांच्या पायाशी बसले आणि काही बोलू शकले नाहीत. त्या वेळी दोघांची वाचा सारखीच होती. बाबांनी त्यांच्या हातावर थोपटलं. मी त्या माणसाची आजन्म ऋणी आहे. त्या पहिल्या डावात स्वतःचे आणि भिडूचे पत्ते एकत्र धरून, भिडूची पानं दिसत असूनही त्यांनी त्याचा फायदा घेतला नाही.

चौथा भिडू नाही म्हणजे मेंढीकोट नाही. दोन दिवस परात कोपऱ्यात पडून राहिली. तिसऱ्या दिवशी आई हात पुसत बाहेर आली आणि टेलरकाकांच्या जागी, बाबांच्या समोर बसली. "शिकवा मले," ती म्हणाली. "पन हसाल त चा बंद." तिने पहिल्याच आठवड्यात गुरुजींना रडवलं. ती उतारीला काय टाकेल याचा कोणालाच अंदाज येत नसे, तिलाही नसे. बाबा मात्र तिच्याकडे असं बघत जसं लग्नात तिला पाहिलंच नव्हतं. खरं तर पाहिलंही नसेल, तेव्हा मान वर करायची सोय कुठे होती!

हळूहळू इतर शब्द परत येऊ लागले. आधी "चा" आला. मग "पानी", "बस", "नाई". "नाई" आल्यावर घरात पेढे वाटले, कारण बाबांच्या बोलण्यात निम्मा वाटा त्याचाच असायचा. एकेक शब्द आला की किलवरचा एकेक अर्थ कमी व्हायचा. पाणी मागायला आता पानी होतं, पंख्याला पंखा होता, गुरुजींच्या लबाडीलाही स्वतःचा शब्द मिळाला. माझी गाडीसुद्धा आता "बडनेरा" आणि "अमरावती" अशी नावानिशी निघू लागली, अडखळत का होईना. आम्ही सगळे कान देऊन होतो ते एकाच शब्दासाठी. आई ते बोलून दाखवत नसे. पण उपचारवाली मुलगी आली आणि "अवं" सुरू झालं की ती भाजी चिरायची थांबायची, हे मी पाहत होते. बाबांना ते काही जमेना. आईला बोलवायचं असलं की एकच शब्द, किलवर.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवार होता, मी घरी होते. बाबा दाराशी खुर्ची टाकून उन्हात बसले होते, आई आत पत्ते लावत होती. मेथीवाली गल्लीतून ओरडत गेली आणि आमच्या दारावरून तशीच पुढे निघाली. बाबांना मेथी फार आवडते. त्यांनी मान उंच केली आणि हाक मारली, "अवं!"

स्वच्छ, ठणठणीत, गल्लीच्या तोंडापर्यंत जाईल अशी. मेथीवाली वळली. इतके महिने जिची वाट पाहिली ती हाक आली, आणि गेली ती टोपलीवाल्या परक्या बाईला. मला आईकडे पाहायचं धाडस होईना. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बाबांचा रागही आला.

आईने दारात येऊन दोन जुड्या घेतल्या, त्यांची मुळं झटकली, मेथीवालीला वाटेला लावलं. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "आई, मनाला लावून घेऊ नको. आता एकदा निघाला शब्द, तुलाही म्हणतील."

आई माझ्याकडे अशी बघत राहिली जसं मीच काहीतरी आजारी आहे.

"मनाले काय लावाचं?" ती म्हणाली. "अवं त थे मेथीवालीलेई म्हन्ते. किलवर सारं जग सोडून मलेच म्हन्ते."

बाहेरून आवाज आला, "किलवर!"

"आली," आई म्हणाली, आणि हात पुसत गेली.